टायर आतून खातोय, अलाइनमेंट करून पण थांबत नाही

प्रश्न : नमस्कार सर, माझी पेट्रोल हॅचबॅक आहे, सहा वर्षं जुनी, रोज कराड-सातारा अपडाऊन असतं. पुढचा डावा टायर फक्त आतल्या बाजूने घासलाय, बाहेरून बघितला तर एकदम चांगला दिसतो, परवा पंक्चरवाल्याने चाक खोललं तेव्हा कळलं. उजवा ठीक आहे. सहा महिन्यांत दोनदा अलाइनमेंट केली, आता दुकानदार म्हणतो दोन्ही टायर नवीन टाका आणि परत अलाइनमेंट करा. टाकू का?
– एक वाचक, कराड

उत्तर : नमस्कार. टायर लागणारच आहे पण आत्ता लगेच टाकू नका, कारण शोधल्याशिवाय नवीन टाकला तर तोही असाच आतून खाणार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे उजवा टायर ठीक आहे. टो, म्हणजे वरून बघितलं तर पुढची चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते माप, बिघडला असता तर बहुतेक वेळा पुढचे दोन्ही टायर घासतात, कारण दोन्ही चाकं स्टिअरिंगला जोडलेली असतात आणि सरळ चालताना तो फरक दोघांत वाटला जातो. शिवाय टो चुकला की नक्षीच्या कडा करवतीसारख्या होतात, टायरवरून आडवा हात फिरवला तर एका बाजूने गुळगुळीत आणि उलट फिरवला की टोचतं. तुमचा एकच टायर आणि एकच कड गेलीये म्हणजे माझा पहिला संशय डाव्या चाकाच्या कॅम्बरवर, म्हणजे चाक वरून आत झुकलंय. आपल्याकडे कडेचे खड्डे डाव्या चाकालाच जास्त बसतात, एखाद्या जोरदार दणक्यात लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) किंवा स्ट्रट (शॉक ॲब्सॉर्बरचा खांब) वाकला असेल, नाहीतर लोअर आर्मचा बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, फाटलं असेल.

आता अलाइनमेंटने का फरक पडला नाही? बऱ्याच हॅचबॅकना पुढे कॅम्बर ॲडजस्ट करायची सोयच नसते, मशीनवाला टाय रॉड (स्टिअरिंग चाकाला जोडणारा दांडा) फिरवून स्क्रीनवर टो तेवढा हिरव्यात आणतो आणि कॅम्बर लाल तसाच राहतो. जुने प्रिंटआउट असतील तर काढून बघा, डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाच्या वर फरक दिसला तर काहीतरी वाकलंय किंवा सैल झालंय असं समजून सस्पेन्शन तपासायचं. प्रिंटआउट दिला नसेल तर पुढच्या वेळी मागून घ्या, आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे असलेला, पैसे आपण त्याचेच देतो.

मेकॅनिककडे गाडी जॅकवर घ्यायला लावा आणि त्याच्यासमोर उभे राहा. चाक डावी-उजवीकडून धरून हलवलं आणि खडखड झाली तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंग रॅक, वर-खाली धरून हललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. बुश मात्र हाताने कळत नाही, तिथे पहार लावूनच बघावं लागतं. जे गेलंय ते बदला, मग टायर, आणि अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. सैल बुशवर केलेली अलाइनमेंट दोन ब्रेक मारले की गेली!

एक गोष्ट आजच करा, स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली कड नीट बघा. तार दिसत असेल तर त्या टायरवर हायवेला जाऊ नका, स्टेपनी लावा, ती छोट्या साइजची असेल तर ८० च्या वर नको. तार नसेल तरी खोबणीतल्या उंचवट्यापर्यंत, म्हणजे १.६ मिमीपर्यंत, रबर आलं असेल तर टायर संपलाय, बाहेरची नक्षी कितीही चांगली दिसू दे.

प्रश्न : माझ्या गाडीचे चारही टायर दोन्ही कडांना घासलेत, मध्ये नक्षी शाबूत आहे. अलाइनमेंट करू का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : आधी हवा बघा, हा कमी हवेचाच नमुना आहे (जास्त हवा असती तर मधला पट्टा गेला असता). ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर असतो त्यावरचा आकडा धरायचा, आणि हवा सकाळी गाडी थंड असताना तपासायची. चालून आल्यावर टायर गरम होऊन प्रेशर ३-४ पीएसआय वाढलेलं दिसतं, लोक तेव्हाच बघतात आणि जास्त आहे म्हणून काढून टाकतात, मग थंड झाल्यावर चारही टायर कमी हवेवर पळतात.