गोल्फच्या मैदानाची रचना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दूरचित्रवाणीवर गोल्फचे सामने पाहताना मला सगळी मैदाने सारखीच वाटतात. हिरवळ, वाळूचे खड्डे आणि कुठे थोडे पाणी, एवढेच दिसते. तरीही जाणकार एखाद्या मैदानाच्या रचनेची तोंड भरून स्तुती करतात. ते नेमके काय पाहत असतात? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मैदान खेळाडूला कोणत्या पेचात टाकते, ते जाणकार पाहत असतात. पहिला फटका जेथून मारायचा त्या ‘टी’पासून ‘ग्रीन’वरच्या, म्हणजे शेवटच्या गुळगुळीत, बारीक कापलेल्या हिरवळीवरच्या, सव्वाचार इंच व्यासाच्या खळग्यापर्यंतच्या संपूर्ण पट्ट्याला ‘होल’ म्हणतात आणि असे अठरा होल मिळून मैदान होते, हे आपल्याला ठाऊक असेलच. रचनेचा कस लागतो तो या पट्ट्यावर खेळाडूला किती मार्ग मोकळे ठेवले आहेत आणि प्रत्येक मार्गाची कोणती किंमत वसूल केली आहे, यावर.

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचा सतरावा होल घ्या. त्याची लांबी ४९५ यार्ड असून तो चार फटक्यांत पुरा करावा, अशी अपेक्षा असते. टीवर उभे राहिले की उजव्या हाताला हॉटेलचे आवार येते आणि ते हद्दीबाहेर धरले जाते. तेथे पूर्वी रेल्वेच्या शेड होत्या आणि आजही त्याच आकाराची बांधणी खेळाडूची दृष्टी अडवून उभी आहे. होल उजवीकडे वळत असल्याने धाडसी खेळाडू या बांधणीवरूनच, चेंडू कोठे पडणार हे न दिसता, फटका मारतो. सावध खेळाडू डावीकडच्या मोकळ्या हिरवळीवर चेंडू ठेवतो आणि त्या क्षणी त्याला आपण सुटलो असे वाटते. हिशोब दुसऱ्या फटक्याला होतो. ग्रीन अरुंद आणि तिरपे आहे, त्याच्या पुढच्या डाव्या अंगाला खोल बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, आहे आणि पाठीमागे डांबरी रस्ता व दगडी भिंत आहे. डावीकडून येणाऱ्याच्या वाटेत तो बंकर नेमका आडवा येतो, तर उजवी बाजू साधलेल्याला ग्रीन बरेच मोकळे मिळते. म्हणजे जो पहिल्या फटक्याला संकटाच्या जवळ जातो त्याचेच पुढचे काम सोपे होते.

१९७८च्या ब्रिटिश ओपनमध्ये जपानचे टॉमी नाकाजिमा येथे दोन फटक्यांत ग्रीनवर पोहोचले होते. त्यांनी ‘पटर’ने, म्हणजे ग्रीनवर वापरायच्या काठीने, हलकेच ढकललेला चेंडू उतारावरून घरंगळत त्या बंकरमध्ये गेला, तो बाहेर काढण्यातच फटके खर्ची पडले आणि होलवर एकूण नऊ फटके नोंदले गेले. जमिनीचा उतार चेंडूला बंकरकडे ओढत नेतो, त्यामुळे त्या खड्ड्याचा पसारा डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे. तरीही हा होल सामान्य खेळाडूला हाकलून देत नाही. ज्याच्या मनगटात तेवढी ताकद नाही, त्याने दुसरा फटका ग्रीनच्या अलीकडे उजवीकडे ठेवावा, तिसरा जमिनीवरून सरपटत वर न्यावा आणि पाच फटक्यांवर समाधान मानावे. एकाच जमिनीवर निष्णात आणि नवशिका या दोघांनाही आपापल्या कुवतीचा पेच मिळतो, यातच मला रचनेचे मोठेपण दिसते.

प्रश्न : याच ओल्ड कोर्सवर काही बंकर फेअरवेच्या, म्हणजे टी आणि ग्रीन यांमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, मधोमध आहेत आणि काही तर टीवरून दिसतही नाहीत. चांगला फटका मारूनही चेंडू खड्ड्यात जात असेल, तर तो अन्याय नव्हे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ही तक्रार फार जुनी आहे. या मैदानावर ११२ बंकर आहेत. एकोणिसाव्या शतकात मैदान दोन्ही दिशांनी खेळले जात असे, त्यामुळे आज विचित्र जागी वाटणारे काही बंकर उलट दिशेने येणाऱ्याला अगदी समोर दिसत. पण इतिहासाचे हे स्पष्टीकरण अपुरे आहे. मधोमध असलेला बंकर खेळाडूला विचार करायला लावतो. त्याच्या अलीकडे थांबायचे, डावीकडून जायचे, उजवीकडच्या चिंचोळ्या पट्टीतून जायचे की वरून मारायचे, हे वारा आणि झेंड्याची त्या दिवशीची जागा पाहून ठरवावे लागते. खड्डे दोन्ही कडांना शिस्तीत मांडले, तर सरळ मारण्यापलीकडे विचार करण्यासारखे काही उरत नाही.

अमेरिकेचे बॉबी जोन्स १९२१ साली येथे पहिल्यांदा खेळले, तेव्हा ते इतके वैतागले की तिसऱ्या फेरीत अकराव्या होलवर त्यांनी डाव सोडून दिला. त्याच जोन्स यांनी १९२७ची ओपन आणि १९३०ची ॲमॅच्युअर (हौशी खेळाडूंची) स्पर्धा येथेच जिंकली आणि १९५८ साली या गावाने त्यांना सन्मानाचे नागरिकत्व दिले. हे मैदान पहिल्या भेटीत पसंत पडावे, असा आग्रह कोणीच धरू नये.

प्रश्न : सेंट अँड्र्यूजचे मैदान कोणा एकाने आखलेले नाही, असे वाचले. मग वास्तुरचनाकाराचे श्रेय ते काय? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधली ती वाळूची पट्टी नांगराला निरुपयोगी, पण पाण्याचा निचरा करणारी आणि आखूड गवताची होती, म्हणून गोल्फला लाभली. १७६४ साली बावीस होलांच्या फेरीचे अठरा होल झाले, तेही सुरुवातीचे चार होल जोडून दोन करण्याच्या साध्या निर्णयाने. पुढे माणसांनी त्यात भर घातलीच. जाण्यायेण्याच्या वाटा एकमेकींलगत असल्याने सात विशाल ग्रीन दोन-दोन होलांना सामाईक आहेत आणि अशा प्रत्येक जोडीच्या क्रमांकांची बेरीज अठरा येते.

वास्तुरचनाकाराचे काम सुरू झाले ते हे मैदान का रमवते, याचा शोध घेतल्यावर. मैदाने आखणारे ॲलिस्टर मॅकेन्झी मूळ पेशाने डॉक्टर होते. बोअर युद्धात शत्रूचे खंदक आसपासच्या भूमीत बेमालूम मिसळलेले त्यांनी पाहिले आणि मैदाने आखताना बनवलेला उंचवटा निसर्गाचाच वाटला पाहिजे, हा नियम त्यांनी पाळला. १९२४ साली त्यांनी ओल्ड कोर्सचा बारकाईने तयार केलेला नकाशा आजही अभ्यासला जातो. जॉर्जियातील ऑगस्टा नॅशनल हे मैदान त्यांनी जोन्स यांच्यासोबत आखले. ते १९३३ साली खुले झाले, तेव्हा तेथे अवघे बावीस बंकर होते. पुष्कळसे काम उतारांवरच सोपवले होते.

तेथील तेराव्या होलच्या डाव्या कडेने ओढा जातो आणि शेवटी वळून ग्रीनच्या पुढ्यात येतो. पहिला फटका ओढ्याला खेटून ठेवणाऱ्याला पुढचे अंतर कमी आणि पायांखालची जमीन बरीचशी सपाट मिळते. उजवीकडे सुरक्षित राहिलेल्याला चेंडू पायांपेक्षा उंचावर असताना, लांबून, पाणी ओलांडायचे असते. आधुनिक काठ्या आणि चेंडू यांनी हा पेच इतका बोथट केला की २०२३ साली टी मागे नेऊन होल ५१० वरून ५४५ यार्ड करावा लागला. माझ्या मते लांबी वाढवणे हा तात्पुरता इलाज आहे. चेंडूच्या वेगावर बंधन घालणे अधिक योग्य ठरेल.

प्रश्न : गाजलेल्या होलांच्या नकला इतरत्र करतात, हे खरे आहे का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : खरे आहे. चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्ड यांनी लाँग आयलंडवर नॅशनल गोल्फ लिंक्स ऑफ अमेरिका उभारताना ब्रिटनमधल्या उत्तम होलांचे तत्त्व उचलले. स्कॉटलंडमधील नॉर्थ बेरिकचा ‘रेडान’ हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध होल आहे. त्याचे तिरपे ग्रीन खेळाडूपासून दूर उतरत जाते आणि जवळच्या डाव्या कोपऱ्यावर खोल बंकर आहे, म्हणून चेंडू उजवीकडे टाकून उतारावरून आत वळवावा लागतो. अशी नक्कल प्रत्येक जागी नव्याने जमवावी लागते, कारण उतार आणि वारा तेच मिळत नाहीत.

प्रश्न : मी स्वतः खेळत नाही. तरी मला रचना समजेल का आणि त्यासाठी भारतात काय पाहावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : अवश्य समजेल. होल उलटा वाचावा. आधी ग्रीन कोणत्या दिशेला झुकले आहे आणि कोणत्या बाजूने उघडे आहे ते पाहावे, मग तेथे सुखाने पोहोचण्यासाठी आधीचा चेंडू कोठे असायला हवा ते ठरवावे आणि त्या जागेच्या आसपास कोणते संकट ठेवले आहे ते शोधावे. भारतात दिल्ली गोल्फ क्लबचे मैदान अभ्यासण्यासारखे आहे. १९५५ साली सेंट अँड्र्यूज येथे ओपन जिंकलेले पीटर थॉमसन यांनी त्याची १९७०च्या दशकात फेररचना केली होती. जुन्या घुमटांच्या सोबतीने जाणारे त्याचे फेअरवे दाट झुडपांनी इतके आवळलेले आहेत की तेथे अनेक व्यावसायिक खेळाडू सर्वांत लांब मारणारी काठी पिशवीतच ठेवतात. ओल्ड कोर्सची ऐसपैस रुंदी आणि दिल्लीची ही चिंचोळी वाट यांची तुलना जरूर करावी. माझे मत रुंदीच्या बाजूने पडते, परंतु दिल्लीत लोखंडी काठीने अचूक अंतर राखणाऱ्या खेळाडूचे कसब अधिक उठून दिसते, हेही तितकेच खरे आहे.