पोटातील महाधमनीच्या फुगवट्यावर स्टेंट-ग्राफ्ट (रक्तवाहिनीला आतून आधार देणारी जाळीदार कृत्रिम नळी) बसवल्यास रुग्ण पोट उघडून केलेल्या, म्हणजे खुल्या शस्त्रक्रियेपेक्षा लवकर घरी जातो, मग एकूण खर्च कमी का होत नाही?

कारण वाचलेल्या खाटेच्या दिवसांपेक्षा ग्राफ्टची किंमत आणि नंतरच्या तपासण्या जड पडतात. ब्रिटनमधील ‘एव्हार-१’ चाचणीत 5.5 सेंटीमीटर किंवा त्याहून मोठा फुगवटा असलेल्या, साठी ओलांडलेल्या रुग्णांवर नियोजित शस्त्रक्रियेच्या दोन्ही पद्धतींची तुलना झाली. जांघेतून ग्राफ्ट बसवलेल्यांमध्ये 30 दिवसांतील मृत्यूचे प्रमाण 1.7 टक्के, तर पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर ते 4.7 टक्के होते, आणि हा फरक माझ्या मते कोणत्याही हिशेबात दुय्यम ठरू नये. तरीही चार वर्षांपर्यंतचा सरासरी रुग्णालयीन खर्च ग्राफ्टसाठी सुमारे 13,250 पौंड, तर खुल्या शस्त्रक्रियेसाठी सुमारे 9,950 पौंड निघाला.

खुल्या शस्त्रक्रियेचा पैसा मुख्यतः अतिदक्षता विभाग, रक्त आणि परिचारिकांच्या वेळेवर, म्हणजे सुरुवातीलाच, खर्च होतो. ग्राफ्टच्या कडेने रक्त पुन्हा फुगवट्यात झिरपू शकत असल्यामुळे मात्र अशा रुग्णाचे स्कॅन वर्षानुवर्षे करावे लागतात, आणि काहींना पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते. म्हणून अंदाजपत्रक मागताना पुढील तपासण्यांचा खर्चही लेखी विचारावा.