ओट्याचा ग्रॅनाइट: आधी दगड ठरवा, मग शटर

तुमचं थोडक्यात असं आहे: नागपुरात मनीषनगरला नवा टू बीएचके, ८ बाय ९ चं ओपन किचन, हॉलमध्ये क्रीम टाइल्स आणि सागवानी रंगाचं फर्निचर. ठेकेदार म्हणतो ‘ब्लॅक गॅलेक्सी (सोनेरी ठिपक्यांचा काळा ग्रॅनाइट) टाका, कशावरही जातो’, घरच्यांना पांढरा हवाय, आणि घराला शोभेल असा कोणता, हे तुम्ही विचारताय.

ओट्याखालच्या कपाटांच्या शटरचा रंग ठरवला असेल तर आधी तो थांबवा. लॅमिनेटच्या कॅटलॉगमध्ये हव्या त्या छटा मिळतात, दगड मात्र त्या दिवशी यार्डात जो उभा असेल त्यातूनच घ्यावा लागतो. शिवाय दहा वर्षांनी शटर बदलता येतं. ओटा बदलायचा म्हणजे सिंक, नळ, टाइल्स, सगळीच तोडफोड. मी काही इंटिरियरवाली नाही, पण दोन घरांचे ओटे केलेत आणि दोन्हींत चुकलेय, म्हणून सांगते.

पहिलं घर बेसा बाजूला, बोअरचं पाणी. चकचकीत काळा ग्रॅनाइट घातला. दुकानात आरशासारखा दिसत होता. घरी आल्यावर कळलं की खिडकी पश्चिमेची, दुपारी चारनंतर ऊन आडवं ओट्यावर येतं आणि पुसलेल्या फडक्याचा फराटासुद्धा मोजता येतो. नळाभोवती जड पाण्याचे पांढरे डाग. उन्हाळ्यात कूलरसाठी खिडक्या उघड्या ठेवायच्या, म्हणजे त्यावर धुळीचा थर. दिवसातून चार वेळा पुसायचे, तरी घाणेरडाच.

दुसऱ्या घरी चिडून पांढराच घेतला, करड्या ठिपक्यांचा. मिस्त्री खर्रा घोटत उभा होता. त्यानं बाटलीतलं थोडं पाणी नमुन्याच्या तुकड्यावर ओतलं, दहा मिनिटांनी पुसलं. खाली गडद डाग. म्हणाला, “ताई, हा गोटा पाणी पेते. हळद बी पेईन. मंग म्हणसान, मिस्त्रीनं सांगतलं नाही.” मी ऐकलं नाही. महिन्याभरात मसाल्याच्या डब्याखाली पिवळं वर्तुळ उमटलं. सोड्याचा लेप लावून, वर प्लॅस्टिक चिकटवून रात्रभर ठेवला तेव्हा फिकं झालं, गेलं नाही. सीलर, म्हणजे दगडाची छिद्रं बुजवणारं द्रव्य, लावून घेतला असता तर बरंच वाचलं असतं, तोही मधूनमधून पुन्हा लावावा लागतो. तुमच्याकडे सावजी रस्सा होत असेल तर पांढऱ्याचा विचार करताना हे आठवा.

आता शोभण्याचं. तुमचं किचन ओपन आहे, म्हणजे ओटा हॉलमधून दिसणार. त्याचं जमायला हवं ते आधी हॉलच्या टाइल्सशी आणि फर्निचरशी. सागवानी रंगाजवळ तपकिरी-काळ्या ठिपक्यांचा टॅन ब्राउन छान बसतो. हा तेलंगणातल्या करीमनगरकडचा, म्हणजे आपल्या नागपूरच्या खालीच. फक्त त्यावर शटरही लाकडी घेऊ नका. एवढ्याशा किचनमध्ये सगळंच तपकिरी झालं की दिवसा दिवा लावावा लागतो. क्रीम किंवा फिकट करडं शटर घ्या. दगडात नक्षी जास्त असेल तर मागच्या टाइल्स साध्या ठेवा. नक्षीदार ओटा आणि फुलाफुलांच्या टाइल्स म्हणजे मंगल कार्यालय.

ब्लॅक गॅलेक्सी वाईट नाही हो. आंध्रातल्या चिमाकुर्तीचा हा दगड, त्यातले सोनेरी ठिपके पितळी हँडल आणि पिवळसर लाइटखाली खरंच खुलतात. पण तुमची खिडकी कुठल्या दिशेला आहे ते लिहिलेलं नाही. पश्चिमेला असेल तर माझा पहिला ओटा आठवा, नाहीतर लेदर फिनिशमध्ये, म्हणजे कमी चकाकीच्या, किंचित खडबडीत पॉलिशमध्ये बघा. त्यावर डाग आणि बोटांचे ठसे कमी दिसतात. कणीक सांडली की पुसायला मात्र जरा जोर लागतो.

मला विचाराल तर मधला मार्ग स्टील ग्रे, म्हणजे करडा ग्रॅनाइट. धूळही लपते, पाण्याचे डागही, आणि क्रीम टाइल्सशी भांडत नाही. पण एकट्या माझ्या शब्दावर जाऊ नका. दोन-तीन जातींचे तुकडे मागून घरी आणा. सकाळी, दुपारी चारला आणि रात्री तुम्ही जो एलईडी लावणार त्याखाली, टाइलशेजारी ठेवून बघा. पांढऱ्या ट्यूबखाली जो करडा दिसतो तोच पिवळ्या लाइटखाली मातकट वाटतो. त्याच तुकड्यावर तेलात कालवलेली हळद रात्रभर ठेवा. काळा घेणार असाल तर पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन घासा. फडकं काळं झालं तर दगड रंगवलेला आहे, दुकानातून बाहेर या.

क्वार्ट्झही कुणीतरी सुचवेलच. दिसायला सुरेख, डागही कमी पडतात, पण त्यात रेझिन असतं, गरम तवा थेट टेकवला तर डाग राहतो. आपल्याकडे कढई उतरवून ओट्यावरच ठेवायची सवय. आणि कडप्पा मात्र वर नको, खालच्या कप्प्यांना ठीक. आईकडे, नागपूरच्या महाल भागात, कडप्पाचा ओटा होता. लिंबू आणि संत्र्याचा रस सांडला की तिथली चकाकी उडायची, कारण तो चुनखडीचा दगड. ग्रॅनाइटला त्याचं काही नाही.

स्लॅब निवडली की तिच्यावर खडूनं नाव टाका आणि फोटो काढा, कारण एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये छटा वेगळी निघते. एल आकार असेल तर जोड सिंकजवळ येणार नाही असं मिस्त्रीला आधीच सांगा. हॉब (ओट्यात बसवायची शेगडी) आणि सिंकच्या खाचेचे कोपरे गोलसर कापायला लावा, काटकोनी कोपऱ्यातून तडा जातो. ओट्याच्या पुढच्या कडेखाली एक बारीक खाच पाडून घ्या, नाहीतर पाणी खालून ओघळत शटरपर्यंत जातं आणि प्लाय फुगतो.

सिंकसाठी कापलेला तुकडा मिस्त्रीबरोबर जाऊ देऊ नका, त्याचे पैसे तुम्हीच दिलेले असतात. आमच्या त्या डागाळलेल्या पांढऱ्याचा तुकडा देवघराखाली बसवलाय, तिथे हळद सांडली तर कुणी काही म्हणत नाही.