लहानग्यांसह मॉरिशस: वाचकांचे प्रश्न

उन्हाळी सुट्टीत मॉरिशसला जाणाऱ्या, पण कडेवर लहान मूल असलेल्या पालकांची बरीच पत्रं यंदा आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न: मेअखेरीस जातोय, मुलगा तेव्हा बावीस महिन्यांचा असेल. एजंट पूर्वेकडचं बेल मारचं रिसॉर्ट सुचवतो, नातेवाईक म्हणतात उत्तरेला ग्रँड बे बरं. कुठे राहावं? (ठाणे)

उत्तर: तुमच्या महिन्यात तरी पूर्व किनारा नको. आपल्याकडे मे म्हणजे उन्हाचा कडाका, तिथे तो हिवाळ्याचा उंबरठा. या दिवसांत आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे जोर धरू लागतात आणि ते सर्वांत आधी पूर्व किनाऱ्यावर येतात. बेल मारची वाळू सुंदर आहे, पण मोठ्यांच्या पोटरीपर्यंत उडणारी वाळू खाली बसून खेळणाऱ्या मुलाच्या थेट डोळ्यांत जाते. ओल्या अंगाला वारा लागला की मूल लगेच गारठतं. उत्तर आणि पश्चिम बाजू डोंगर-पठाराच्या आडोशाला आहे. त्रू ओ बिश किंवा माँ शुआझी बघा. पाणी उथळ, लाटा प्रवाळाच्या भिंतीवरच फुटलेल्या, आणि सुरूच्या झाडांची सावली. मात्र त्या झाडांची बोरांएवढी टोकदार फळं वाळूत पडलेली असतात, त्यामुळे अनवाणी सोडू नका.

हिवाळ्यात समुद्राचं पाणी साधारण 23 अंशांवर येतं. तुम्हाला ते छान वाटेल, मुलाला पंधरा-वीस मिनिटं पुरे. विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला असल्यामुळे उत्तरेला पोचायला सव्वा तास तरी धरा, पोर्ट लुईच्या गर्दीच्या वेळेत त्याहून जास्त.

बेत दिवाळीवर ढकलणार असाल, तर तिकिटाचा हिशेब आधी करा. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसून थोड्या भाड्यात जातं. दोन पूर्ण झाल्यावर स्वतंत्र सीट लागते. वाढदिवस सहलीच्या मध्येच येत असेल, तर परतीचं तिकीट सीटसह काढावं लागतं, आणि पुष्कळांना हे ऐन वेळी कळतं.

प्रश्न: पॅकेजमध्ये एका दिवसात ‘साउथ टूर’ आहे: क्युरपीपचं ज्वालामुखीचं विवर, जहाजांच्या प्रतिकृतींचा कारखाना, गंगा तलाव, शामारेलचा धबधबा, सात रंगांची माती आणि रमची भट्टी. मुलगी अडीच वर्षांची आहे. काय गाळावं? (नाशिक)

उत्तर: निम्म्याहून जास्त. ही यादी नवविवाहित जोडप्यांसाठी बेतलेली आहे, आणि एजंट तीच सगळ्यांच्या हातात ठेवतात.

आधी घड्याळ बघा. मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. घरी सातला उठणारी मुलगी तिथे साडेपाचला टक्क जागी असेल आणि दुपारी एकची झोप साडेअकराला मागेल. पालक पहिले दोन दिवस तिला ‘तिथल्या वेळेवर’ आणायला झगडतात आणि दोन्ही झोपा बिघडवतात. आठवड्याच्या सहलीसाठी ते करूच नका. हिवाळ्यात तिथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे संध्याकाळी बघण्यासारखं तसंही फार उरत नाही. सातला गाडी निघावी, साडेअकराच्या झोपेला ती परतीच्या वाटेवर असावी. या साडेचार तासांत एक ठिकाण नीट होतं, दुसरं जवळ असेल तर तेही. तिसरं घेतलंत की गाडीत रडारड सुरू.

तुमच्या यादीतली सात रंगांची माती आणि धबधबा ठेवा. दोन्ही एकाच आवारात आहेत, चालणं थोडं आहे, आणि मातीशेजारी महाकाय कासवांचा वाडा आहे. मुलीला रंगांपेक्षा तोच आवडेल. धबधब्याच्या वरच्या कठड्याकडे पायऱ्या आहेत, तिथे तिला उचलूनच न्या. प्रतिकृती आणि रम सरळ गाळा. विवर म्हणजे झाडीनं भरलेला खोल खड्डा, त्यात अडीच वर्षांच्या नजरेला दिसण्यासारखं काही नाही.

शामारेलचा रस्ता वळणावळणाचा आहे, पश्चिमेकडून काझ नुआयालचा चढ तर अंबेनळीची आठवण करून देणारा. गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांखाली क्वचित होतो, त्यानंतर वाढतो, म्हणजे तुमची मुलगी नेमकी त्या वयात आहे. निघण्याआधी तासभर दूध नको, कोरडी पोळी किंवा बिस्किट चालेल. हातात मोबाईल तर अजिबात नको: डोळे स्थिर पडद्यावर आणि कान सांगतायत की आपण वळतोय, या विसंगतीनंच उलटी होते. खिडकी थोडी उघडी ठेवा. औषध द्यायचं असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं, आणि घरी एकदा देऊन पाहिलेलं. काही मुलं त्यानं झोपण्याऐवजी उधळतात.

गंगा तलाव वेगळ्या दिवशी करा. तो पठारावर सुमारे 550 मीटर उंचीवर आहे. किनाऱ्यावर ऊन असताना तिथे धुकं आणि पाऊस असू शकतो, म्हणून स्वेटर आणि कोरड्या कपड्यांचा जोड बरोबर हवा. 33 मीटर उंचीचा ‘मंगल महादेव’ हा शंकराचा पुतळा रस्त्यावरूनच दिसतो. तलावाकाठी माकडं आहेत आणि ती मुलांच्या हातातला खाऊ हिसकावतात, त्यामुळे केळं गाडीतच संपवा. महाशिवरात्रीच्या आठवड्यात मात्र जाऊ नका: बेटभरातून कावड घेऊन पायी निघालेले भाविक रस्ते व्यापून टाकतात आणि गाडी तासन् तास अडकते.

दक्षिणेसाठी आणखी एक दिवस असेल, तर तो रिव्हिएर दे झाँगीयच्या ला व्हॅनिल उद्यानाला द्या. तिथे महाकाय कासवं मोकळी फिरतात आणि मुलं त्यांच्या शेजारी उभी राहू शकतात. पानं भरवायची ती मोठ्यांच्या हातानं, कारण कासवाची चोच बोट चिरू शकते. बाहेर पडताना साबणानं हात धुणं हा नियमच समजा: सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असतात आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्यांचा त्रास जास्त होतो. सॅनिटायझर हा मातीनं माखलेल्या हातांवरचा उपाय नाही.

प्रश्न: पूर्व किनाऱ्याजवळच्या इल ओ सेर या छोट्या बेटाची दिवसभराची कॅटामरान सहल लहान मुलासह जमेल का? लाइफ जॅकेट तिथे मिळतं ना? (पुणे)

उत्तर: मिळतं, पण मापाचं असेलच असं नाही. बुक करण्याआधी मुलाचं वजन सांगून लेखी विचारा. जॅकेटवर वजनाची मर्यादा छापलेली असते आणि लहानांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवा. चढवून पट्टे आवळा आणि खांद्याला धरून वर उचला. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे. पाण्यात मूल त्यातून खाली घसरेल. दंडाला लावायचे फुगे खेळणी आहेत.

कॅटामरान, म्हणजे जोड-सांगाड्याची शिडाची बोट, सकाळी निघते ती दुपारी उशिरा परत येते. मधेच मूल कंटाळलं तर उतरण्याची सोय नाही, पुढच्या बसायच्या जाळीवर सावली नाही. त्याऐवजी त्रू दो दूसहून साधी फेरी बोट घ्या. पंधरा-वीस मिनिटांत पोचवते, परतीच्या फेऱ्याही ठरावीक वेळेनं असतात, त्यामुळे झोपेच्या वेळेला निघता येतं. स्पीडबोट लाटांवर आपटत जाते, दोन वर्षांच्या मानेला तो मार नको. सकाळची डॉल्फिन सहलही याच कारणासाठी सोडा. बेटावर उतरल्यावर दोन बेटांमधल्या चिंचोळ्या पाण्यापासून दूर राहा, तिथे भरती-ओहोटीची ओढ असते.

पाण्यात मोठ्यांच्याही पायात रबरी तळाचे शूज हवेत: काळे काटेरी सी-अर्चिन आणि दगडासारखाच दिसणारा विषारी स्टोनफिश, दोन्ही तिथे आहेत. स्टोनफिशचा काटा लागला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवा आणि तसंच रुग्णालय गाठा. पाण्याचा अंदाज आधी स्वतःच्या कोपरानं घ्या. रुग्णवाहिकेसाठी 114. दक्षिणेकडे ग्री-ग्रीला प्रवाळाची भिंत नाही, तो किनारा फक्त बघायचा.

प्रश्न: खाण्याचं काय? आमचं बाळ वरण-भातावरच आहे. (कोल्हापूर)

उत्तर: काळजीचं कारण नाही. भात आणि डाळ तिथल्या रोजच्या जेवणात आहे, सुपरमार्केटमध्ये दूध, दही, केळी मिळतात. रस्त्यावरची ‘ढोल पुरी’, म्हणजे वाटलेली डाळ भरलेली मऊ पोळी, मुलं आवडीनं खातात. मागताना ‘सां पिमाँ’, म्हणजे मिरचीविना, असं सांगा आणि रस्सा वेगळा घ्या. ‘गातो पिमाँ’ ही भजी नावातच मिरची घेऊन येते. किटली असलेली खोली घ्या, रव्याचं किंवा नाचणीचं पीठ बरोबर न्या. ताजी फळं, रोपं, बिया परवानगीशिवाय नेऊ नका. औषधांना डॉक्टरांची चिठ्ठी जोडा: गुंगी आणणाऱ्या आणि कोडीनसारख्या औषधांबाबत तिथले नियम कडक आहेत.

जुलाब लागले तर ओआरएस. इथे चूक नेहमीची: एक लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात ढवळतात. त्यानं क्षार वाढून मूल आणखी बिघडतं. पाकिटावरचं माप वाचा, तेवढंच बाटलीचं पाणी घ्या. दोन वर्षांखाली प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिलि, चमच्यानं. तापाचं सिरप घरचंच न्या. पॅरासिटामॉल 5 मिलिमध्ये 120 आणि 250 मिलिग्रॅम अशा दोन तीव्रतांत मिळतं, आणि बाटली बदलली की मिलिचा आकडाही बदलतो.

प्रश्न: टॅक्सीत कार सीट मिळते का? बाबागाडी न्यावी का? (डोंबिवली)

उत्तर: मागितल्याशिवाय नाही. गाडी ठरवताना मुलाचं वय आणि वजन कळवा, आणि पहिल्याच दिवशी सीट तपासून घ्या. पट्टा जिथून ओवला जातो तिथे धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर ती सैल बसवली आहे. गुडघा सीटवर दाबून पट्टा ओढला की घट्ट बसते. मुलाच्या अंगावरचा पट्टा खांद्याजवळ चिमटीत धरता येत असेल तर आणखी आवळा. जाकीट घालून बांधू नका.

बाबागाडी पाम्प्लेमूसच्या वनस्पती उद्यानात आणि पोर्ट लुईच्या कोदाँ वॉटरफ्रंटवर उपयोगी पडते. पाम्प्लेमूसला महाकाय कमळपानांच्या तळ्यापर्यंत सपाट वाट आहे. डासांमुळे लांब बाह्या घाला. वाळूत, शामारेलला आणि पायऱ्यांवर ती ओझं होते, तिथे पाठीवरचं कॅरियर बरं. छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी असेल तर न्या. मोठी असेल तर घरी राहू द्या. आणि तिथली प्लग पॉइंटं तीन चौकोनी पिनांची किंवा युरोपातल्यासारखी दोन गोल पिनांची असतात, त्यामुळे बाटल्यांच्या स्टरिलायझरसाठी ॲडॅप्टर इथूनच घ्या.