केळुस्कर मार्ग कोणाच्या नावाचा?

प्रश्न : दादरला शिवाजी पार्कच्या मैदानालगत केळुस्कर मार्ग आहे. हे केळुस्कर कोण? साहित्यिकांची नावे रस्त्यांना दिली जातात, पण पाटीवर आडनावापलीकडे काहीच कळत नसेल, तर त्या सन्मानाला काय अर्थ उरतो?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : हा मार्ग कृष्णराव अर्जुन केळुस्कर (१८६०–१९३४) यांच्या नावाचा आहे. मूळचे वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचे केळुस्कर मुंबईत शिक्षक होते आणि अध्यापन सांभाळून त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात छत्रपती शिवाजी महाराजांचे विस्तृत मराठी चरित्र सिद्ध केले. मैदानाला महाराजांचे नाव आणि त्याला लागून असलेल्या रस्त्याला त्यांच्या चरित्रकाराचे, इतके समर्पक नामकरण मुंबईत क्वचितच आढळेल.

केळुस्करांनी गौतम बुद्धांचेही चरित्र लिहिले होते. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक उत्तीर्ण झाले, तेव्हा त्यांच्या सत्काराच्या सभेत केळुस्करांनी त्यांना हेच पुस्तक भेट दिले, आणि त्याच्या वाचनाने आपण भारावून गेल्याचे बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे. महापरिनिर्वाणदिनी चैत्यभूमीच्या दर्शनाला येणारे असंख्य अनुयायी याच परिसरात थांबतात, पुस्तके विकत घेतात. मात्र ज्यांनी बाबासाहेबांच्या हाती बुद्धचरित्र दिले त्यांच्याच नावाच्या रस्त्यावर आपण उभे आहोत, हे त्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल? याची मला मनापासून खंत वाटते.

जवळच, प्लाझा सिनेमापाशी, साहित्यसम्राट नरसिंह चिंतामण केळकर यांच्या नावाचा रस्ता आहे. ‘केसरी’चे संपादक आणि लोकमान्यांचे चरित्रकार असलेले केळकर बोलण्यात केवळ ‘एन. सी. केळकर रोड’ होऊन बसले आहेत. पुण्यात निदान त्यांच्या नावाचा रस्ता केसरीवाड्यावरून जातो, त्यामुळे जाणकाराला संदर्भ लागतो.

तेव्हा आपली तक्रार रास्त आहे. दोष नाव देण्यात नसून पाटी अपुरी ठेवण्यात आहे. पॅरिसमध्ये रस्त्यांच्या अनेक पाट्यांवर नावाखाली त्या व्यक्तीचे कार्यक्षेत्र आणि जन्म-मृत्यूची वर्षे लिहिलेली असतात. ‘शिवछत्रपती व बुद्ध यांचे चरित्रकार, १८६०–१९३४’ एवढी एक ओळ केळुस्करांच्या पाटीवर सहज मावेल. दादर परिसर महापालिकेच्या जी-उत्तर विभागात येतो. तेथील रहिवाशांनी आणि ग्रंथालयांनी मिळून या मजकुरासह लेखी निवेदन विभाग कार्यालयात द्यावे, असे आम्ही सुचवतो.