नेहमीच उशीर होतो, वेळेवर पोहोचायची सवय कशी लावू?

तुम्ही लिहिलंय की ऑफिस नऊचं, रस्ता पस्तीस मिनिटांचा, सव्वाआठला निघायचं ठरवता आणि तरी रोज नऊ-दहा, नऊ-पंधराला पोहोचता. लेटमार्क लागतात, सुट्ट्या कापल्या जातात, घरचे आळशी म्हणतात.

यात मला सगळ्यात महत्त्वाचं हे वाटलं की उशीर रोज साधारण तेवढाच होतो. निष्काळजी माणूस कधी पाच मिनिटं उशिरा येतो, कधी तासभर. तुमची वीस-पंचवीस मिनिटं जवळपास ठरलेली आहेत. याचा अर्थ तेवढ्या वेळाचं काहीतरी तुमच्या हिशेबात धरलेलंच नाही. ते शोधा. आळसाचा शिक्का मनावर घेऊ नका.

मी नाटकाला बॅकस्टेज करतो. आमच्याकडे सगळा दिवस तिसऱ्या घंटेपासून मागे मोजतात. चारचा प्रयोग असेल तर चारला तिसरी घंटा. त्याआधी प्रेक्षक आत घ्यायचे, म्हणजे त्याच्याही आधी पडदा पाडून रंगमंच तयार हवा. त्याआधी लाइट लावून बघायचे, त्याआधी नेपथ्य उभं करायचं, आणि सकाळी तिथे दुसऱ्या नाटकाचा प्रयोग असेल तर त्यांचं सामान उतरेपर्यंत आपला टेंपो दारात उभा. नवीन मुलगा विचारतो, ‘सेट लावायला किती वेळ लागतो?’ लावायला दोन तास लागत असतील, पण टेंपोतून उतरवून विंगेपर्यंत आणायचा वेळ त्यात कुणी धरत नाही. जुनी माणसं तो धरतात, म्हणून त्यांची धावपळ होत नाही.

तुमची वीस मिनिटं अशीच विंगेच्या अलीकडे आहेत. सव्वाआठला तुम्ही घरातून बाहेर पडत नाही, निघायला सुरुवात करता. डबा भरणं, बाटली, किल्ली, चार्जर, गॅस बंद आहे ना हे बघणं, मग बूट, लिफ्टची वाट, गाडीवरचं कव्हर काढणं. ऑफिसला पोहोचल्यावर पार्किंग आणि पंचिंगची रांग. एकेक दोन मिनिटांचं काम, म्हणून कशाचाच हिशेब राहत नाही. आठवडाभर फक्त दोन वेळा टिपून ठेवा: निघायचं म्हणून उठलात ती आणि गाडीने सोसायटीचं फाटक ओलांडलं ती. मोबाइलमध्ये नको, फ्रिजवर कागद लावून लिहा. मोबाइल हातात घेतला की आणखी पाच मिनिटं गेलीच.

हे लिहून काढणं आवश्यक आहे, कारण अंदाज सगळ्यांचेच चुकतात. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये या चुकीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नावही दिलं. 1994 च्या एका अभ्यासात कॅनडातल्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल असं विचारलं होतं. सरासरी अंदाज आला 34 दिवसांचा, लागले सुमारे 55. मागच्या वेळी किती वेळ लागला होता, हे माणूस पुढचा अंदाज बांधताना विचारातच घेत नाही. फ्रिजवरचा कागद तेवढ्यासाठी.

दुसरं, निघता निघता एखादं काम उरकायची सवय. आठ वाजून दहा झालेत, पाच मिनिटं आहेत, तेवढ्यात वाळत घातलेले कपडे काढू. ही सवय मोडायला सगळ्यात अवघड जाते, कारण ते काम खरंच उपयोगाचं असतं आणि केलं की बरंही वाटतं. माझं स्पष्ट मत आहे की बूट घातल्यावर घरातलं कुठलंही काम करायचं नाही, अगदी दूध उतू जात असेल तेवढा अपवाद. लवकर पोहोचलात तर तिथे बसून चहा घ्या, घरी फोन करा. बऱ्याच जणांना लवकर पोहोचून ताटकळायचाच कंटाळा असतो आणि तो टाळायला ते अगदी काट्यावर निघतात. मग एक सिग्नल लागला की संपलं.

घड्याळ दहा मिनिटं पुढे लावू नका. दोन दिवसांत डोकं आपोआप दहा वजा करायला लागतं. डबा, किल्ल्या, कपडे रात्रीच काढून ठेवणं मात्र खरंच कामाला येतं.

कुणी वाट बघत असेल तर खरं सांगा. अंघोळीला जायचं असताना ‘निघालोय’ म्हणू नका. ‘अर्धा तास लागेल’ म्हटलं की समोरचा निदान आपलं एखादं काम करून घेतो. लोकांचा राग उशिरापेक्षा रस्त्यावर उभं राहण्याचा जास्त असतो.

आणि लहानपणापासून सगळीकडेच हे होत असेल, परीक्षा, लग्न, गाडी काहीच वेळेवर गाठता येत नसेल, वस्तू सतत हरवत असतील, हातातलं काम अर्धवट राहत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना एकदा भेटा. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवायला अवघड जाण्याचा विकार, असलेल्या अनेकांना गेलेल्या वेळाचा अंदाजच येत नाही. ते मोठेपणीही ओळखता येतं आणि त्यावर उपचार आहेत. तुमच्या प्रश्नावरून मला तसं वाटलं नाही. तुम्हाला उशीर ठरावीक ठिकाणी आणि ठरावीक मिनिटांचा होतोय. येत्या सोमवारपासून कागद लावा आणि काय आकडे आले ते इथे खाली लिहा, मग किती वाजता उठायचं ते आपण मागे मोजून काढू.