‘गोल्ड प्री-सर्टिफाइड’ म्हणून फ्लॅटला जास्त पैसे द्यावेत का?

बालेवाडीतला फ्लॅट ‘आयजीबीसी गोल्ड प्री-सर्टिफाइड’ आहे म्हणून बिल्डर चौरस फुटाला अडीचशे रुपये जास्त सांगतोय, द्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. आयजीबीसी म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल, इमारत किती पर्यावरणपूरक आहे याचं रेटिंग देणारी संस्था. माझं मत: शिक्क्याचे वेगळे पैसे देऊ नका. इमारत खरंच चांगली असेल तर जरूर द्या, पण ते शिक्क्यावरून कळत नाही.

मुळात ‘प्री’ म्हणजे साखरपुडा, लग्न अजून व्हायचंय. ‘असं असं बांधणार आहोत’ हे बिल्डरनं नकाशे आणि आकडेमोड देऊन सांगितलं, ते तपासून मिळालेली ही पहिली पावती. खरं प्रमाणपत्र काम पूर्ण झाल्यावर, पुन्हा कागद तपासून मिळतं. साईट ऑफिसातली मंडळी दोन्हींना ‘सर्टिफाइड’च म्हणतात.

यात बिल्डरचा फायदा काय, हेही बघा. राज्याच्या २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आयजीबीसी सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम किंवा ‘गृहा’ या दुसऱ्या ग्रीन रेटिंगचे तीन, चार, पाच तारे मिळवणाऱ्या इमारतीला मूळ एफएसआयवर (प्लॉटच्या मानानं किती बांधकाम करता येतं, ते प्रमाण) अनुक्रमे ३, ५, ७ टक्के जादा एफएसआय मिळतो. म्हणजे तुमच्या गोल्डला ५ टक्के. तो जादा बांधलेला भाग बिल्डर विकणारच, मग वर अडीचशे कशाचे? महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, साईटवर मंजूर नकाशे असतात, त्यात एफएसआयचा तक्ता बघा. ग्रीनचा जादा एफएसआय घेतला असेल तर ते तुमच्या पथ्यावरच पडेल, कारण कबूल केलेलं रेटिंग मिळालं नाही तर बिल्डरला दंड आहे.

ब्रोशरमध्ये ‘ग्रीन फीचर्स’ म्हणून पाऊसपाणी संकलन, सोलर, सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प (एसटीपी) असं काय काय असतं. मोठ्या प्रोजेक्टला त्यातलं बरंचसं नियमानं करावंच लागतं. त्यात कौतुक कसलं!

आता मुख्य गोष्ट. हे रेटिंग गुणांवर चालतं. काही अटी सक्तीच्या, बाकी गुण कुठूनही जमवता येतात. म्हणून कोणते गुण कशाचे धरलेत ते दाखवणारं स्कोअरकार्ड मागा. गोल्ड असलेल्या इमारतीतही तुमची बेडरूम एप्रिलमध्ये भट्टी होऊ शकते. हल्ली बरेच टॉवर मायवानमध्ये, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून होतात, त्यामुळे भिंतीसुद्धा काँक्रीटच्या. हलक्या, सच्छिद्र एएसी ब्लॉकच्या मानानं त्यातून ऊन फार लवकर आत शिरतं. पश्चिमेची भिंत, त्यात खिडकीवर छज्जा नाही, मग एसी रात्री दोनपर्यंत चालतो. तुमचा फ्लॅट कोणत्या दिशेला आहे, हे तुम्ही लिहिलंच नाहीये. मला गोल्डपेक्षा ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

(दुसऱ्या प्रोजेक्टवर ‘एज’ (EDGE) हे ग्रीन प्रमाणपत्र दिसलं तर: ते जागतिक बँक समूहाच्या आयएफसीचं आहे. ऊर्जा, पाणी आणि बांधकाम साहित्यामुळे होणारं कार्बन उत्सर्जन, या तिन्हींत नेहमीच्या इमारतीपेक्षा किमान २० टक्के बचत दाखवावी लागते. मला तो हिशेब सरळ वाटतो.)

आमचं सांगतो. बावधनच्या आमच्या सोसायटीत लॉबीत प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय. एसटीपीत शुद्ध केलेलं पाणी फ्लशला वापरतात; ताबा घेतल्यावर दुसऱ्या वर्षी त्याला वास यायला लागला. तक्रारी वाढल्या तशी कुणीतरी फ्लशची लाईन गुपचूप गोड्या पाण्याच्या टाकीला जोडून टाकली. उन्हाळ्यात दिवसाला सहा-सहा टँकर! मी सेक्रेटरी झाल्यावर खाली जाऊन बघितलं तर वीज वाचवायला एसटीपीचा ब्लोअर (पाण्यात हवा सोडणारं यंत्र) रात्री बंद ठेवत होते. हवा थांबली की मैला खाणारे जिवाणू मरतात आणि पाणी सडतं. ब्लोअर रात्रीही चालू ठेवला, एसटीपी चालवणारा माणूस बदलला, लाईन पुन्हा वेगळी केली. आता टँकर दोनावर आलेत. या सगळ्या काळात लॉबीतली फ्रेम जागची हलली नाही.

म्हणून बिल्डरला विचारा की एसटीपी सोसायटीकडे सोपवेपर्यंत कोण चालवणार, महिन्याचा खर्च किती धरलाय आणि तो मेंटेनन्समध्ये आहे का. तोंडी नको, ईमेलवर घ्या.

करसवलतीचंही आमिष दाखवतात. पुणे महापालिका सोलर, गांडूळखत, पाऊसपाणी संकलन यांसाठी मालमत्ता करात ५ ते १० टक्के सवलत देते, पण ती चालू असलेल्या यंत्रणेला. तिचा गोल्डशी संबंध नाही. शिक्का नसलेल्या जुन्या सोसायट्याही ती घेतात.

एक काम करा. याच बिल्डरचा तीन-चार वर्षांपूर्वी ताबा दिलेला प्रोजेक्ट शोधा आणि रविवारी दुपारी चारला तिथे जा. पश्चिमेच्या एखाद्या फ्लॅटमध्ये पाच मिनिटं बसायला मिळालं तर उत्तमच. निघताना वॉचमनला टँकर किती येतात ते विचारा आणि एसटीपीच्या दाराशी उभे राहा. ब्लोअर चालू असेल तर आवाज बाहेर येतोच. स्कोअरकार्ड हाती आलं की पाठवा, वाचून सांगतो.